एवढं ओलं जंगल, मग आग लावायचं कोण?

9 सप्टेंबर 2020 ची सकाळ. डोळे उघडले तर बाहेर अंधार, म्हणून मी परत झोपले, मग घड्याळ बघितलं तर साडेनऊ वाजून गेलेले. पडदा सरकवला तर आकाश नारिंगी. म्हणजे संध्याकाळचं असतं तसं नाही, झेंडूच्या फुलासारखं ढळढळीत नारिंगी, आणि रस्त्यावरचे दिवे अजून चालू. आम्ही बे एरियात राहतो, कॅलिफोर्नियात. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला, म्हणाली हा काय फिल्टर लावलायस. म्हटलं आई, हा फिल्टर नाही, हा धूर आहे.

त्याच्या तीनेक आठवडे आधी, 16 ऑगस्टला, आमच्याकडे विजा झाल्या होत्या. आता ज्यांनी मृगाचा पाऊस बघितलाय त्यांना यात काय विशेष वाटणार, पण इथल्या किनाऱ्यावर विजा म्हणजे खरंच दुर्मिळ गोष्ट. समुद्र थंडगार, हवा जड, ढग वर चढून गडगडाट करायला जी गरम उसळी लागते ती इथे मिळतच नाही. त्या वर्षी एका विरलेल्या चक्रीवादळाचा ओलावा वर आला, पाऊस जवळजवळ पडलाच नाही आणि नुसत्या हजारो विजा पडल्या, ठिकठिकाणी आगी लागल्या आणि त्यातलीच एक सांताक्रूझच्या डोंगरात पेटत पेटत बिग बेसिनच्या रेडवूड पार्कात शिरली. 1902 साली सुरू झालेलं, कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. त्याचा 97 टक्के भाग आगीत सापडला.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच प्रश्न होता. तिथे आग लागलीच कशी? कारण मी त्या जंगलात उन्हाळ्यात स्वेटर घालून फिरलेय. रेडवूड ही जगातली सगळ्यात उंच झाडं, सगळ्यात उंच जे आहे ते 115 मीटरच्या वर आहे, आणि ही झाडं वाढतात ती किनाऱ्याला लागून असलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात, कारण इथे उन्हाळ्यात पाऊस नसला तरी समुद्रावरून धुकं येतं. ते धुकं शेंड्याच्या पानांवर अडकतं, थेंब होऊन खाली टपकतं, आणि झाड स्वतःच्याच मुळाशी पाणी घालतं. खाली नेचे, शेवाळ, पायाखाली पालापाचोळ्याची ओलसर गादी. अशा ठिकाणी काडी ओढली तरी पेटणार नाही असं वाटतं.

मग 2022 मध्ये पार्क परत उघडलं तेव्हा आम्ही गेलो बघायला. झाडं काळी ठिक्कर, खालपासून वरपर्यंत, पण बहुतेक जिवंत. खोडातूनच धुमारे फुटलेले, बाटली धुवायच्या ब्रशसारखी दिसत होती सगळी झाडं, काळा दांडा आणि भोवती हिरवे केस. रेडवूडची साल जुन्या झाडावर एक फूटभर जाड असते, तंतूंची, त्यात राळ जवळजवळ नसते म्हणून ती भसकन पेटत नाही. आणि सालीखाली कळ्या झोपलेल्या असतात, काही तर शेकडो वर्षांच्या, वरची पानं करपली की त्या जाग्या होतात. म्हणजे हे झाड आगीला नवखं नाहीच, ते आगीची तयारी करूनच उभं आहे. आता जिथे विजा पडत नाहीत आणि सगळं ओलंचिंब आहे तिथल्या झाडाने ही तयारी कशासाठी केली असेल?

आणि मग ढोल्या. जुन्या रेडवूडच्या बुंध्यात मोठमोठ्या ढोल्या असतात, दोन माणसं आत उभी राहतील एवढ्या. गोरे वसाहतवाले त्यात बदकं-हंस कोंडून ठेवायचे म्हणून त्यांना आजही 'गूस पेन' म्हणतात. मी एका ढोलीत शिरून भिंतीला हात लावला, हात काळा झाला. पण असा कोळसा 2020 च्या आधीपासूनच या ढोल्यांमध्ये होता, जिथे कित्येक वर्षांत आग शिवली नाही अशा रेडवूडच्या जंगलांतही तो असतो. ढोली एका आगीत होत नाही. एक आग साल फोडते, दुसरी आतलं लाकूड पोखरते, तिसरी अजून आत जाते, आणि मधल्या वर्षांत झाड कडेने जखम भरून काढायचा प्रयत्न करत असतं.

आगींचा इतिहास शोधणारे लोक नेमकं हेच वाचतात. बुंध्याच्या एका बाजूला आग लागली की तिथली सालीखालची जिवंत पेशींची पातळ गादी मरते, बाकीची जगते. पुढच्या वर्षीपासून झाड दोन्ही बाजूंनी त्या जखमेवर नवं लाकूड चढवत जातं, जसं आपल्या गुडघ्यावरच्या खरचटलेल्यावर कडेने कातडी येते तसं. लाकडाचा छेद घेतला की वाढीच्या वलयांमध्ये तो व्रण दिसतो. वलयं मोजली की आगीचं वर्ष कळतं, एका झाडाचा हिशोब आजूबाजूच्या झाडांशी ताडून बघतात म्हणजे मोजणीत चूक राहत नाही (रेडवूडच्या बाबतीत हे फार किचकट काम आहे, ते कधीकधी एखाद्या वर्षी वलय टाकतच नाही). आणि सगळ्यात भारी म्हणजे ऋतूसुद्धा कळतो. व्रण वलयाच्या सुरुवातीच्या फिकट लाकडात असेल तर आग वसंतात लागली, शेवटच्या गडद लाकडात किंवा दोन वलयांच्या सीमेवर असेल तर उन्हाळा संपताना किंवा त्यानंतर.

रेडवूडच्या पट्ट्यात असे छेद वाचल्यावर निघालं काय, तर बऱ्याच ठिकाणी 10 ते 25 वर्षांनी एकदा आग, काही ठिकाणी त्याहूनही लवकर, शतकानुशतकं. आणि बहुतेक वेळा लहान, जमिनीवरून सरपटत जाणारी, मोठ्या झाडाला नुसता चटका देऊन पुढे जाणारी. विजेच्या हिशोबात हे बसतच नाही. एवढ्या नेमाने आग लागत होती तर कोणीतरी ती लावत होतं, दुसरा हिशोब नाही.

कोण, ते खरं तर कोणी विचारलं असतं तर तिथल्या लोकांनी केव्हाच सांगितलं असतं. सॅन फ्रान्सिस्को आणि सांताक्रूझच्या मध्ये किनाऱ्यावर किरोस्ते नावाची दरी आहे, तिथे आमा मुत्सुन लोक, म्हणजे त्या भागातले मूळ रहिवासी, आणि विद्यापीठातले पुरातत्त्ववाले यांनी मिळून खोदकाम केलं. जुन्या वस्तीच्या मातीत सापडलं काय, तर गवताच्या बिया, हेझलची टरफलं, मोकळ्या माळावर येणाऱ्या झुडपांचे अवशेष. तिथे कोणी काहीच केलं नाही तर काही दशकांत झुडपं आणि मग सूचिपर्णी झाडं माजतात, पण साधारण हजार वर्षं ती दरी माळरान राहिली. म्हणजे ती कोणीतरी राखली होती.

पण ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर उत्तरेला जायला हवं, क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात, जिथे युरोक, कारुक आणि हुपा हे मूळ रहिवासी लोक अजून आपल्या जागेवर आहेत. आग कशासाठी लावायची याचं तिथे एक उत्तर नाही, दहा आहेत, मी मला आवडलेली सांगते.

पहिलं टोपलीचं. युरोक लोक बाळाला ज्या टोपलीत बांधून ठेवतात ती हेझलच्या काड्यांची विणतात (हेझलनट ज्याचं ते झुडूप). जुनं, न जळलेलं हेझल बघितलं तर वेडीवाकडी, फाटे फुटलेली, किडीने भोकं पाडलेली फांदी, ती वाकवली की मोडते. तेच झुडूप जाळलं की मुळापासून नवे कोंब येतात, सरळसोट, बिनफाट्याचे, लवचिक. एक-दोन वर्षांनी वसंतात ते काढायचे, सोलायचे, वाळवायचे. 2021 मध्ये एका अभ्यासात मोजून बघितलं तर नुकत्याच जाळलेल्या झुडपाला विणकामालायक काड्या तीन किंवा जास्त हंगाम न जाळलेल्याच्या 13 पट मिळाल्या. 13 पट! म्हणजे आग नाही तर काडी नाही, काडी नाही तर टोपली नाही, आणि बाळ ठेवायचं कशात. तिथल्या कल्चरल फायर मॅनेजमेंट कौन्सिलच्या मार्गो रॉबिन्स स्वतः टोपल्या विणतात, या कामाची सुरुवात टोपलीच्या काड्यांपासून झाली असं त्या मोकळेपणाने सांगतात. मला हे फार पटतं. पर्यावरण वगैरे मोठे शब्द नंतर आले, आधी नातवंडांसाठी टोपली हवी होती.

दुसरं एकॉर्नचं, म्हणजे ओकच्या जातीच्या झाडांची फळं. टॅनओक नावाच्या झाडाची ही फळं तिथलं मुख्य अन्न, आपल्याकडे भात तसं. फोडायची, दळायची, पीठ पाण्याने धुऊन धुऊन तुरटपणा काढायचा, मग त्याची लापशी. पण त्यात अळी पडते. किडलेलं फळ झाडावरून आधी गळतं, अळी त्यातून बाहेर पडून जमिनीत जाते आणि पुढच्या वर्षी परत वर. तर मुख्य हंगामाच्या आसपास झाडाखालचा पाला हलकेच जाळला की किडकी फळं आणि अळ्या दोन्ही खलास, आणि चांगली फळं पडतात तेव्हा खालची जमीन साफ, वेचायला सोपं. 1916 साली क्लॅमथ रिव्हर जॅक या नावाने एका आदिवासी माणसाचं पत्र सरकारी वन्यजीव खात्याच्या मासिकात छापून आलं होतं, त्यात त्याने हेच समजावलं होतं की आग किडे मारते. खात्याने शेजारीच उत्तर छापलं, अर्थातच असहमतीचं.

तिसरं मला सगळ्यात अजब वाटलं होतं. कारुक लोक सांगायचे की उन्हाळा संपताना डोंगरावर आग लावली की साल्मन मासे नदीत वर येतात. ऐकायला अंधश्रद्धा वाटते ना? 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी क्लॅमथच्या खोऱ्यात पाण्याचं तापमान आणि धूर यांच्या नोंदी जुळवून बघितल्या. दरीत धूर साठला की ऊन अडतं आणि नदीचं पाणी खरोखर थंड होतं. साल्मनला गरम पाणी सोसत नाही, थंड पाणी मिळालं की तो पुढे सरकतो. बास, एवढंच.

याशिवाय हरणं आणि एल्क यांच्यासाठी माळ मोकळे ठेवणं, बेरीची झुडपं ताजी करणं, पायवाटा साफ ठेवणं, घराभोवतीचं जळण आधीच संपवून टाकणं. प्रत्येक कुटुंबाच्या आपापल्या जागा होत्या आणि कुठे कधी जाळायचं हे त्या त्या घरातल्या माणसांना माहीत असायचं. तुकडा लहान, आजूबाजूचं रान अजून ओलं, म्हणजे जाळरेषा निसर्गानेच काढून ठेवलेली. चढावर आग खालून वर पळते, म्हणून ती वरच्या कडेला लावायची आणि हळूहळू खाली उतरू द्यायची. आज या, उद्या त्या तुकड्यात, मग पाच-सात वर्षांनी परत इथे, त्यामुळे अख्खं रान म्हणजे गोधडी, एक ठिगळ आत्ता जळलेलं, एक दोन वर्षांचं, एक दहा वर्षांचं. भडका उडालाच तर त्याला सलग जळण मिळायचं नाही. किती मोठ्या प्रमाणावर हे चालायचं? कारुक लोकांबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी अलीकडे हिशोब मांडला, तो आला वर्षाला जवळपास 7000 आगी, फक्त कारुक मुलुखात. म्हणजे कोणी एखादा पुजारी वर्षातून एकदा काडी लावतो असं नव्हतं, ते शेतीसारखं रोजचं काम होतं.

बरं, हे फक्त कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यामुळे असेल असं वाटत असेल तर अजून वर जा, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, हाइल्टसुक लोकांच्या मुलुखात हेकेट नावाचं बेट आहे. तिथे कोकणासारखा पाऊस पडतो, आणि चार महिने नाही, वर्षभर. पुस्तकात लिहिलेलं असायचं की अशा जंगलात नैसर्गिक आग हजारो वर्षांत एखादी. तिथे सातशे वर्षांचा आगीचा इतिहास झाडांच्या व्रणांवरून काढला तर आगीवर आगी, आणि त्या जुन्या वस्त्यांच्या आसपास. आणि 1893 नंतर? काहीच नाही. तोपर्यंत देवीच्या साथीने आणि वसाहतीने त्या वस्त्या रिकाम्या केल्या होत्या. माणसं गेली, आग थांबली. हवामानाने थांबवली असती तर तारीख एवढी जुळली नसती.

मग बंद कशी केली हे सगळं? टप्प्याटप्प्याने. 31 मे 1793 ला स्पॅनिश गव्हर्नर आर्रिलागाने फर्मान काढलं की आदिवासींनी माळ जाळायचे नाहीत, कारण मिशनच्या, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांच्या वसाहतींच्या, गुरांना चारा हवा होता. 1848 ला सोनं सापडलं आणि मग जे झालं ते वाचवत नाही, दीड लाखाच्या आसपास असलेले मूळ रहिवासी वीस-बावीस वर्षांत तीस हजारांवर आले. 1850 साली कॅलिफोर्नियाने मूळ रहिवाशांच्या 'संरक्षणाचा' कायदा केला, त्यात माळाला आग लावणाऱ्याला दंडाचं कलम होतं. (त्याच कायद्याने त्यांची मुलं कामाला जुंपायची सोयही केली होती, संरक्षण म्हणे.) 1910 ला आयडाहो-मॉन्टानात प्रचंड वणवा झाला, आणि नव्या वनखात्याने आग या गोष्टीशीच युद्ध पुकारलं. 1918 च्या एका पत्रात क्लॅमथच्या भागातल्या रेंजरने वरिष्ठांना असंही सुचवलेलं आहे की आगी लावणारे झाडीत दिसले की गोळी घालावी. 1935 पासून नियम आला, कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आणायची.

आणि यात आपलाही एक धागा आहे. अमेरिकी वनखात्याचा पहिला प्रमुख गिफर्ड पिंशो, तो तरुणपणी युरोपात वनशास्त्र शिकायला गेला तेव्हा सल्ला घ्यायला कोणाकडे गेला, तर डीट्रिख ब्रँडिसकडे. ब्रँडिस म्हणजे 1864 पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख. जंगल सरकारी, आगीला मनाई, आदिवासीची कुमरी आणि दळी (रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती) म्हणजे नासधूस, ही जी शिकवण आपल्या डोंगरातल्या माणसांनी भोगली, आणि सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात 1860 च्या दशकात आगबंदीचे जे प्रयोग सुरू झाले, त्याच पठडीतला गुरू पिंशोला मिळाला. ब्रँडिस वाईट माणूस होता असं नाही, उलट त्या काळाच्या मानाने बराच समजूतदार होता, पण डोक्यातलं चित्र हेच, की जंगल म्हणजे लाकूड आणि आग म्हणजे नुकसान.

परिणाम काय झाला ते 2022 मधल्या एका अभ्यासात दिसतं, त्यात झाडांचे व्रण, तळ्याच्या गाळातले परागकण आणि कोळसा, आणि कारुक-युरोक लोकांनी सांगितलेल्या आठवणी, सगळं एकत्र ठेवलं. क्लॅमथच्या डोंगरात आज जेवढं लाकूड उभं आहे त्याच्या साधारण निम्मंच पूर्वी असायचं. आपण ज्याला घनदाट, अनाघ्रात जंगल म्हणून फोटो काढतो ते खरं तर शंभर वर्षं झाडू न मारलेलं अंगण आहे. 8 सप्टेंबर 2020 ला, म्हणजे आमच्या नारिंगी सकाळच्या आदल्या दिवशी, कारुक मुलुखातल्या हॅपी कॅम्प गावाला आग लागली आणि जवळपास 200 घरं गेली. ज्यांना शंभर वर्षं आग लावू दिली नाही त्यांचीच.

आता थोडं थोडं बदलतंय. 2013-14 पासून युरोक आणि कारुक लोक परत जाळायला लागलेत, बाहेरचे लोकही तिथे शिकायला येतात. हातात ड्रिप टॉर्च, म्हणजे डिझेल-पेट्रोल भरलेला, चोचीतून पेटते थेंब टाकणारा डबा, अंगावर पिवळा शर्ट, आणि आधी प्रार्थना. कायदेही सुटसुटीत होतायत. आधी जाळताना काही चुकलं तर आग विझवायचा सगळा खर्च तुमच्या डोक्यावर पडायची भीती असायची, 2021 च्या कायद्याने अक्षम्य हलगर्जीपणा नसेल तर ती भीती काढली, आणि नंतर राज्याने नुकसानभरपाईसाठी 2 कोटी डॉलरचा निधी ठेवला. 2024 मध्ये अजून एक कायदा झाला, जमातीशी करार करून राज्याने आपले परवाने मागायचे नाहीत असा, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये असा पहिला करार कारुक जमातीशी झाला.

पण सगळं गोड नाही. शंभर वर्षांचं जळण साचलेल्या रानात एकदम काडी लावता येत नाही, आधी कोयता-करवत चालवावी लागते, त्याला माणसं आणि पैसा लागतो. ओक मारणारा एक रोग पसरलाय त्यामुळे टॅनओकचं वाळकं लाकूड रानात वाढतंय. जाळायला योग्य असे दिवस, म्हणजे ना फार ओले ना फार कोरडे, वर्षात मोजकेच. धुराचा त्रास लहान आगीतही होतो, दमेकरी माणसाला तुम्ही हा सांस्कृतिक धूर आहे असं सांगून उपयोग नाही. आणि काही लोक आता उलट्या टोकाला गेलेत, की आदिवासींना बोलवा, ते काडी लावतील, प्रश्न मिटला. जमीन कोणाची, निर्णय कोणाचा, हे विषय आले की मात्र सगळे गप्प.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एका रविवारी आईला फोनवर सांगत होते. आई मूळची कोकणातली, लहानपणी उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजताना बघितलेला, टाहाळ, शेण, पाला पसरायचा, वारा पडायची वाट बघायची, मुलांनी ओल्या डहाळ्या घेऊन कडेला उभं राहायचं. मी मोठ्या उत्साहात सांगितलं, व्रण, वलयं, 7000 आगी, साल्मन, सगळं. ती हूं हूं करत होती. मग म्हटलं, आणि माहितीये का, ते लोक आग डोंगराच्या वरच्या कडेला लावतात आणि खाली उतरवत आणतात.

ती म्हणाली, "अगं मग काय पायथ्याला लावतील? घरं जाळायचीत का त्यांना?"